डोहाळजेवणाच्या ओटीत पुस्तक

डोहाळजेवणाला साडी-चोळी, फुलांचे दागिने सगळं होतं. त्या ओटीत एक पुस्तकही असावं, असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी वाचणारीसाठी माझी पहिली पसंती 'द वुमनली आर्ट ऑफ ब्रेस्टफीडिंग'. अमेरिकेत बाटलीच्या दुधाची चलती असताना, १९५६ साली इलिनॉयमधल्या सात जणींनी अंगावर पाजणाऱ्या आयांना मदत करणारी ला लेचे लीग ही संस्था सुरू केली आणि दोन वर्षांनी हे पुस्तक आणलं. दूध पुरत नाही, ही नव्या आईची सगळ्यात मोठी धास्ती. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि बाळाचं वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. वरच्या दुधाची घाई नको. ग्रँटली डिक-रीड यांचं 'चाइल्डबर्थ विदाउट फिअर' भीतीने अंग आखडून कळा कशा असह्य होतात, ते समजावतं. पण ते जुनं आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नव्हे. आहारासाठी मराठीत मालती कारवारकरांचं 'वंशवेल' आहेच. अळिवाचे, डिंकाचे लाडू खुशाल करा. पण पहिला चीक पिळून टाकणं आणि तान्ह्याला मध चाटवणं आता थांबायलाच हवं. आणि पुस्तक सातव्या महिन्यातच द्या, बाळंतपणानंतर वाचायला उसंत मिळत नाही.