खेळांची मालकी

नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) येथील मुलांस विटीदांडू खेळावयास कोणाची परवानगी काढावी लागत नाही. सोंगट्यांच्या पटाचेही तेच. या आपल्या पचिसीचा १९ व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लूडो' केला आणि २०१६ साली नवी मुंबईच्या 'गेमेशन' कंपनीने 'लूडो किंग' म्हणून तो मोबाईलवर आणला. पट सर्वांचा राहिला. पडद्यामागची आज्ञावली तेवढी कंपनीची झाली. यात वावगे काही नाही, श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. पण धंदा आटोपल्यावर त्या आज्ञावलीची वाट काय?

आपला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा संगणकाच्या आज्ञावलीस वाङ्मयकृती मानतो. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तिच्यावरील हक्क अबाधित. याच वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामी बसून गांधीजींनी जे लिहिले, ते १ जानेवारी २००९ रोजी लोकांचे झाले. पुस्तक तितकी वर्षे कपाटात तग धरते, वाळवीने कृपा केली तर! आज्ञावलीस तेवढे आयुष्य कोठले? यंत्रे पालटतात, तबकड्या वाचेनाशा होतात. हक्क सुटेल त्या दिवशी खेळच शिल्लक नसावयाचा.

यावर तोड त्याच कायद्यात आहे. कलम २१ अन्वये कर्ता आपला हक्क हयातीतच, जाहीर सूचनेने, सोडू शकतो. अमेरिकेत १९६२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात रसेल यांनी 'स्पेसवॉर' रचला. त्यात एका सहकाऱ्याने गुरुत्वाकर्षण घातले, दुसऱ्याने खऱ्या आकाशातील तारे, आणि तो खेळ मालकीवाचून यंत्रोयंत्री फिरला. 'ग्लिच' हा खेळ २०१२ च्या डिसेंबरात बंद पडला, तेव्हा त्याच्या चालकांनी पुढील वर्षी बहुतेक चित्रे व आज्ञावलीचा काही भाग लोकांस देऊन टाकला. मेलेल्या खेळाची अशी सोय लावणारे दाते विरळा.

खाजगी कंपन्यांवर सक्ती करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु शाळांसाठी जे खेळ सरकारी पैशाने करवून घेतले जातील, त्यांचे काय? खेळ खुला असेल तर तळेगावचा एखादा हुन्नरी मास्तर त्यातील इंग्रजी शब्द काढून वऱ्हाडी घालील, लंडनच्या रस्त्याऐवजी गावचा बाजार दाखवील. कुलूपबंद असेल तर त्याने हात जोडून बसावे. ज्या रयतेने पैसा दिला तिनेच परवानगी मागावी, हा न्याय आम्हांस कळत नाही. अशा प्रत्येक करारात, काम पुरे होताच आज्ञावली व चित्रे लोकांस खुली होतील, असे कलम शालेय शिक्षण खात्याने घालावे. त्यासाठी विधिमंडळाकडे जाण्याचे कारण नाही.