गुण कळले, चूक कळली का?



गेल्या वर्षी आमची नात बी.कॉम.च्या प्रकल्पाचा निकाल घेऊन घरी आली. पन्नासपैकी चोवीस गुण. "आजोबा, गुण कळले, चूक काही कळली नाही," एवढेच ती म्हणाली. घरात मात्र लगेच सूर निघाला, 'शिक्षण पुरे, आता दुकानात बसू दे.'

आपल्या विश्रामबागेत १९१९ पासून विलिंग्डन आणि १९४७ पासून आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्येच्या अशा सान्निध्यात राहूनही आपण गुणांमागचे कारण विचारीत नाही. बँकेत कर्जप्रस्ताव परत करताना आम्ही भांडवल अपुरे की तारण कमी, हे सांगत असू. विद्यार्थ्याच्या हाती मात्र नुसता आकडा पडतो.

यावर रुब्रिक, म्हणजे निकषपत्रक, हा एक उपाय आहे. विषयाची मांडणी, माहितीचे संकलन, विश्लेषण, भाषा असे निकष आणि प्रत्येकाच्या उत्तम ते असमाधानकारक अशा पायऱ्या त्यात शब्दांत लिहिलेल्या असतात. ते काम सुरू होण्यापूर्वीच विद्यार्थ्याला द्यावयाचे असते. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला आणि अभियांत्रिकी शिक्षणात अशा मूल्यमापनाला बळ मिळाले. वाणिज्य शाखेलाही ते तितकेच उपयुक्त आहे.

परंतु कागद पुरेसा नाही. पुढील सत्रात एका प्राध्यापिकेने नातीला निकषपत्रक दिले आणि कच्चा मसुदा पाहून दहा मिनिटे समोर बसवून विचारले, "तुझे तक्ते अचूक आहेत, पण त्यांवरून तू काय ठरवलेस?" तिची चूक त्या एका प्रश्नात होती. तिने निष्कर्षाचे प्रकरण पुन्हा लिहिले. दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताच्या नऊ प्रकारांत पहिले स्थान आलोचनेला आहे. गुरूंसमोर दोष बोलून दाखविल्याशिवाय शुद्धीचा मार्ग सुरू होत नाही. विद्येचेही तसेच आहे. निकषांवाचून केलेली चर्चा मोघम उपदेश ठरते आणि चर्चेवाचून निकष नुसत्या खुणा ठरतात.

म्हणून निकालाच्या दिवशी मुलांना 'किती पडले?' याच्या जोडीने 'कोणत्या निकषावर कमी पडले आणि सर काय म्हणाले?' असेही विचारावे. उत्तर देता आले नाही, तर त्याला पुन्हा शिक्षकांकडे पाठवावे. दुकानाच्या गादीवर नव्हे.