किरकोळ कोण?

नव्या कंपनीच्या समभागांसाठी म्हसळ्याच्या निवृत्त शिक्षकाचा व मुंबईच्या कोट्यधीशाचा हक्क सारखाच, असे नियम म्हणतात. अडचण येथेच आहे. 2 लाख रुपयांपर्यंत अर्ज करणारी व्यक्ती ‘किरकोळ’ गुंतवणूकदार, ही सेबीची व्याख्या. ती अर्जाची रक्कम पाहते, अर्जदाराची ऐपत नव्हे. सुस्थित, नफ्यातील कंपनीच्या विक्रीत या वर्गासाठी साधारणतः 35 टक्के वाटा राखलेला असतो. 2005 साली येस बँक व आयडीएफसी यांच्या विक्रीत हाच वाटा हजारो बनावट डिमॅट खात्यांनी लुटला होता.

पुढे 2012 साली सेबीने प्रत्येकास निदान एक संच देण्याचा, आणि तेवढेही समभाग नसतील तर चिठ्ठ्या टाकण्याचा नियम केला. तो योग्यच होता. पण श्रीमंत घरातील सहा पॅन क्रमांक म्हणजे सहा चिठ्ठ्या. एकट्या शिक्षकाची मात्र एकच. यात बेकायदेशीर काही नाही, हे अधिकच दुर्दैव! (चिठ्ठी निघाली म्हणजे नफा झाला असेही नव्हे, 2022 साली आयुर्विमा महामंडळाचा समभाग पहिल्याच दिवशी विक्रीच्या किमतीखाली उतरला.)

कोणाच्या खात्यात किती रोखे आहेत, हे एनएसडीएल व सीडीएसएल यांच्या दफ्तरी नोंदलेले असते. अल्पसंचयी खात्यांच्या चिठ्ठ्या आधी काढाव्यात, एवढा बदल सेबीने करावा.