विषय न ठरण्याचा अधिकार

बारावीचा निकाल लागला की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील शाळांच्या ओसरीवर एकच प्रश्न ऐकू येतो : आता पुढे काय? मास्तर विचारतात, शेजारी विचारतात, दाखल्यांच्या खिडकीमागचा कारकूनही विचारतो. विद्यार्थिनी गप्प राहते, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ तिला शिकायचेच नाही असा काढला जातो. वास्तविक तिला शिकायचे असते. काय शिकायचे ते ठरलेले नसते, एवढेच. तिला इतिहास आवडतो आणि रसायनशास्त्रही जमते. जिने वकील पाहिला तो जंगलजमिनीच्या दाव्यात आणि डॉक्टर पाहिला तो सरकारी दवाखान्याच्या रांगेत, तिने संख्याशास्त्र, समाजशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांतून आयुष्यभराचा एक विषय आठ दिवसांत निवडावा, अशी अपेक्षा धरणे म्हणजे कधी न पाहिलेल्या बाजारातून तिने डोळे झाकून बैल विकत आणावा असे म्हणण्यासारखे आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी मन ठरलेले नसणे हा दोष नव्हे. ते वयच शोधण्याचे आहे.

परंतु विषय ठरलेला नसला तरी विद्यापीठ मात्र ठरवावेच लागते, आणि येथे या दोन तालुक्यांची गोष्ट उर्वरित महाराष्ट्राहून निराळी होते. डहाणू रोड हे स्थानक मुंबई आणि सुरत यांच्या जवळजवळ मध्यावर आहे. दक्षिणेला १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ. पालघर जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात मोडतो. उत्तरेला १९६५ साली सुरतेत स्थापन झालेले दक्षिण गुजरात विद्यापीठ. त्याला पुढे कवी नर्मदाचे नाव मिळाले. त्याची महाविद्यालये थेट वापीपर्यंत येऊन पोचली आहेत. तलासरीच्या मुलाला जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या पालघरपेक्षा परराज्यातील वापी कितीतरी जवळ पडते. मुंबईहून निघालेली लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येते खरी, पण ती तेथेच संपते. तलासरीच्या गावाला तर रेल्वेच नाही. आहे तो मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि तोही दोन्ही दिशांना सारखाच वाहतो.

ही सीमा फार जुनी नाही. १९६० पूर्वी तलासरीचा मुलूख उंबरगाव तालुक्यात होता आणि तो तालुका ठाणे जिल्ह्यात होता. द्वैभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा त्या तालुक्यातील कायद्याच्या अनुसूचीत नोंदलेली गावे गुजरातेत गेली, उरलेली महाराष्ट्रात राहिली. वारली माणसाची सोयरीक, त्याचा बाजार आणि त्याची मजुरी यांनी ही रेघ कधी फारशी मानली नाही. सीमेवरच्या कितीतरी घरांत आजही वारली, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषा एका चुलीभोवती नांदतात. रेघ मानतो तो सरकारी कागद. आणि उच्च शिक्षणाच्या दारात उभे राहिलेल्या मुलाजवळ कागदाखेरीज दुसरे भांडवल नसते.

तो कागद रेघेपलीकडे काय किमतीचा ठरतो, ते पाहण्यासारखे आहे. घटनेच्या ३४२व्या कलमान्वये अनुसूचित जमातींची यादी राज्यवार केली जाते. आंध्रात अनुसूचित गणल्या जाणाऱ्या जमातीतील एक विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आला आणि त्याने येथील वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली निकाल दिला की, हा दर्जा माणसाबरोबर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रवास करीत नाही. १९९४ साली हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले : एकाच नावाची जमात दोन्ही राज्यांच्या यादीत असली, तरी परराज्यातून आलेल्याला तो लाभ आपोआप मिळत नाही. वारली जमात महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि गुजरातच्याही यादीत आहे. तरीही तलासरीचा वारली मुलगा चेकनाका ओलांडून राज्याच्या कोट्यातील राखीव जागा मागू लागला, की तो परका ठरतो. न्यायालयापुढे प्रश्न होता तो शेकडो मैलांच्या स्थलांतराचा. ज्याची गाय चरता चरता दुसऱ्या राज्यात जाते, त्याचा विचार त्या निकालात नव्हता. तो विचार दोन्ही राज्यांच्या सरकारांनी करायला हवा होता, आणि तो झालेला नाही.

मग मुंबई विद्यापीठच बरे, असे कोणी म्हणेल. राखीव जागा तेथे आहे, मराठी आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहेही महाराष्ट्रातच आहेत. परंतु ‘मुंबई विद्यापीठ’ हे एक नाव असले तरी ती एक वस्तू नाही. त्याचा एक अर्थ कालिना. तेथे विषयांची दालनेच्या दालने आहेत, पण तेथे राहायचे तर मुंबईचे भाडे आणि मुंबईची खाणावळ. त्याचा दुसरा अर्थ गावाजवळचे महाविद्यालय. बोर्डीला विज्ञान महाविद्यालय आहे, तलासरीला गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि ती नसती तर या भागातील कितीतरी मुलींचे शिक्षण बारावीलाच थांबले असते. तरीही लहान गावातील कोणत्याही महाविद्यालयाची मर्यादा उघड आहे : जितके विभाग, जितके प्राध्यापक, तितकेच विषय. ज्याचा विषय ठरला आहे त्याला एक चांगला विभाग पुरतो. ज्याचा ठरलेला नाही त्याला चार दारे ठोठावून पाहता आली पाहिजेत. आणि नेमकी हीच सोय घरापासून दूर आहे, महाग आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच दुखण्यावर औषध सांगितल्याचा गाजावाजा झाला. मुख्य विषय, जोडविषय, शाखांच्या भिंती पाडणे, मिळवलेले श्रेयांक साठवणारी बँक, आणि हवे तेव्हा बाहेर पडण्याची व पुन्हा येण्याची मुभा. कल्पना म्हणून यात वाईट काहीच नाही. परंतु एका वर्षाने बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, ही पायरीवार व्यवस्था कोणाच्या उपयोगी पडेल? श्रीमंताचा मुलगा बाहेर पडतो तो दुसरीकडे आत शिरण्यासाठी. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातील मुलगी बाहेर पडते ती बहुधा परत न येण्यासाठी. दार दोन्ही बाजूंनी उघडते असे कागदावर लिहिल्याने ते उघडत नाही. आत येणाऱ्याच्या हाती शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील खाट असावी लागते.

आणि त्या शिष्यवृत्तीच्या अटी काय सांगतात? अनुसूचित जमातींसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. परराज्यात शिकणाऱ्यालाही ती मूळ राज्याकडून मिळू शकते, हे तिचे मोठेपण मान्य केले पाहिजे. पण तिच्या नियमावलीत वर्षानुवर्षे दोन अटी छापल्या गेल्या आहेत. एक, शिक्षणाचा एक टप्पा पार केल्यावर त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेणारा विद्यार्थी अपात्र, बी. ए. नंतर बी. कॉम. करू पाहणारा हे त्यातलेच उदाहरण. दोन, राज्य सरकारच्या पूर्वसंमतीवाचून विषय किंवा संस्था बदलली, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, एवढेच नव्हे तर दिलेली रक्कम वसूलही होऊ शकते. सरकारी पैशाचा अपव्यय टाळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की, एकीकडे धोरण सांगते, मन बदला, विषय बदला, संस्था बदला. आणि दुसरीकडे नियमावली सांगते, बदललात तर पैसे परत करा. पहिले वाक्य ऐकण्याची ऐपत ज्यांच्याजवळ आहे त्यांना दुसरे वाचावेच लागत नाही. ज्यांना दुसरे वाचावे लागते त्यांना पहिल्याचा काही उपयोग नाही. मुंबईतील सुखवस्तू घरच्या मुलाने अभियांत्रिकीचे एक वर्ष सोडून अर्थशास्त्र घेतले, तर ‘त्याला आपली वाट सापडली’ असे म्हणतात. तलासरीच्या मुलीने तेच केले, तर तिच्या नावावर थकबाकी दिसते.

यावर व्यवहारी माणसांचे एक ठरलेले उत्तर असते : गरिबाला मन शोधत बसण्याची चैन परवडत नाही, त्याने नोकरी देणारा विषय धरावा. पण नोकरी देणारा विषय कोणता, हे कोणी सांगायचे? या भागात दर दशकाला नवे उत्तर मिळत आले आहे. कधी वापीचे रासायनिक कारखाने, कधी डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि आता बंदराला लागणाऱ्या कौशल्यांचे कौतुक सुरू आहे. ज्या बंदराला किनाऱ्यावरील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला, त्याच्याच भरवशावर त्यांच्या मुलांनी आयुष्याचा विषय निवडावा, असा हा सल्ला. प्रकल्पाचे वेळापत्रक बदलते, यंत्रे बदलतात, मालकही बदलतात. अठराव्या वर्षी घेतलेला तोकडा अभ्यासक्रम मात्र माणसाला चिकटून राहतो. गरिबाची चूक दुरुस्त करायला दुसरा पैसा नसतो. म्हणूनच निवडण्यापूर्वी पारखून पाहण्याची सवड सर्वांत अधिक त्यालाच हवी.

ही सवड मिळेपर्यंत, ज्याचे मन ठरलेले नाही त्याने दोन विद्यापीठांत निवड करताना मोठ्या नावाकडे न पाहता एकच कसोटी लावावी : चूक झाली तर परतीची किंमत कोठे कमी पडेल? ज्या महाविद्यालयात त्याच आवारात दुसरी शाखा आहे, जेथे आपल्या दाखल्याला मान आहे, जेथे वसतिगृह पायी जाण्याच्या अंतरावर आहे, ते त्याच्यासाठी चांगले. विद्यापीठ बदलायचे म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र, राज्य बदलायचे म्हणजे त्यावर आणखी कागद. हे आधी समजून घ्यावे. आणि विषय बदलायचा झाल्यास अर्ज आधी, बदल नंतर, हा क्रम कधी चुकवू नये.

परंतु मुलांना शहाणपण शिकवून सरकारची जबाबदारी संपत नाही. तीन गोष्टी फार पैशाच्या नाहीत. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत एकदा विषय किंवा संस्था बदलण्याचा हक्क शिष्यवृत्तीच्या नियमांतच मान्य करावा. त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज नसावी. सीमेला लागून असलेल्या तालुक्यांसाठी दोन्ही राज्यांनी करार करून एकमेकांच्या आदिवासी विद्यार्थ्यांना ठरावीक जागा आणि वसतिगृहे खुली करावीत. आणि मुंबई विद्यापीठाने आपले विषय घेऊन इकडे यावे. हे अशक्य आहे असे या मातीत तरी कोणी म्हणू नये. १९४५ साली बोर्डीत सुरू केलेले काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नाही असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. बालवाडीला जे जमले ते विद्यापीठाला का जमू नये?

त्याच १९४५ च्या मे महिन्यात, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी होऊन राबणाऱ्या माणसाला उद्या कोणाच्या शेतावर जायचे हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. तो त्याने लढून मिळवला. त्याच्या पणतीला आज कोणी वेठीला धरीत नाही. तिला फक्त एका रकान्यात विषयाचे नाव लिहायला सांगतात, आणि एकदा लिहिले की खोडता येत नाही असे बजावतात. आपल्या श्रमाचे काय करायचे ते स्वतः ठरवण्याचा अधिकार पणजोबाने मिळवला. ठरवण्याआधी विचार करण्याचा अधिकार पणतीला मिळायचा आहे.