नमाजाच्या वेळेला तुमची गल्ली कशाला हवी?

तरावीहची नमाज संपली की आमच्या शहराच्या जुन्या बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. खजूर, फेण्या, अत्तर, टोप्या हे सगळे नेहमीचेच. यंदा मशिदीच्या कोपऱ्यावर एक नवी हातगाडी लागली आहे. बोटात अडकवायचा तस्बीहचा काउंटर, अजान देणारे घड्याळ, कुरआनपठण ऐकवणारा दिवा, विजेवर चालणारे धुपाटणे, चंद्रकोरीच्या दिव्यांच्या माळा. आमच्या कॉलेजात मराठी शिकवणारे माझे एक सहकारी दरवर्षी माझ्याबरोबर या बाजारात चक्कर मारतात. त्यांनी सरळ विचारले, “सर, यातलं खरोखर घेण्यासारखं काय आहे?”

प्रश्न सोपा वाटला, पण उत्तराला दोन दिवस लागले.

फोमची जाड जानमाज घेण्यासारखी आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी सजद्यात फरक पडतो, हे मी घरात अम्मीकडे बघून सांगतो. काउंटरबद्दल माझे मत डळमळीत आहे. नमाजानंतर 33, 33 आणि 34 असे मिळून शंभर वेळा अल्लाहचे नाव घेण्याचा रिवाज आहे. मण्यांची माळ त्यासाठीच असते, जशी जपमाळ 108 मण्यांची. काउंटर आकडा चुकू देत नाही, हे खरे. पण अम्मीने तो चार दिवस वापरला आणि परत माळ हातात घेतली. तिचे म्हणणे, “आकड्याकडेच बघत बसते मी.” आता फोनला जोडायची, नमाजाच्या वेळी थरथरणारी अंगठीही काही हजारांत मिळते. वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या बोटात ती आहे आणि माझ्या तासाला ती वेळेवर थरथरते. धुपाटणे, दिवा, माळा ही हौस आहे. हौसेला हिशेब विचारू नये.

आता राहिली ती चीज, जी त्या गाडीवर नाही आणि जिला पैसेही पडत नाहीत. नमाजाच्या वेळा सांगणारे मोबाइल ॲप.

नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात, आणि सूर्य गावागणिक वेगळा. मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्यास्तात सुमारे 25 मिनिटांचा फरक आहे, म्हणजे मुंबईकर रोजा सोडतो तेव्हा नागपूरकराचा चहाही झालेला असतो. म्हणून ॲपला गाव माहीत असावेच लागते. पण गाव पुरेसे नसते, हिशेबाची पद्धतही बरोबर हवी. सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना पहाट धरायची, यावर सहरी कधी थांबवायची हे ठरते. आपल्याकडे साधारण 18 अंश धरतात, उत्तर अमेरिकेत बरीच वर्षे 15 अंश चालत आले. महाराष्ट्रात या तीन अंशांची बारा-तेरा मिनिटे होतात. मागच्या वर्षी हॉस्टेलवरच्या एका मुलाने ॲपमध्ये चुकून अमेरिकेची पद्धत ठेवली आणि तो मशिदीतली फज्रची अजान ऐकत निवांत पराठा खात राहिला. कोणाची अजान घाईत झाली, असे त्याला वाटले! असरच्या वेळेचेही तसेच. कोकणातले मुस्लिम बहुतांशी शाफई पद्धत मानतात, घाटावर हनफी. दोन्हींत पाऊण-एक तासाचे अंतर पडते. ॲप घेतल्यावर पहिल्याच दिवशी या दोन गोष्टी मोहल्ल्याच्या छापील तक्त्याशी जुळवून घ्याव्यात.

मात्र बहुतेक ॲप गावाचे नाव विचारत नाहीत. ती विचारतात, तुम्ही या क्षणी नेमके कुठे आहात, आणि हे सतत विचारण्याची परवानगी मागतात. हिशेब करून बघा. महाराष्ट्रात एक किलोमीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकलात, तर सूर्यास्तात दोन-सव्वादोन सेकंदांचा फरक पडतो. किब्ल्याची दिशा तर गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बदलत नाही म्हटले तरी चालेल. मग माझी गल्ली, माझा दवाखाना, माझ्या बहिणीचे घर या ॲपला कशासाठी हवे?

याचे उत्तर नोव्हेंबर 2020 मध्ये जगाला कळले. ‘व्हाइस’ या माध्यमसमूहाच्या ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली की, ‘मुस्लिम प्रो’ या त्या काळी नऊ कोटींहून अधिक वेळा उतरवलेल्या ॲपमधून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती. तिथून ती कंत्राटदारांना विकली जात होती, आणि त्यांच्यामार्फत अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचत होती. ॲपवाल्यांनी लगेच तो व्यवहार तोडल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात गुगल आणि ॲपल यांनी ‘एक्स-मोड’ची यंत्रणा आपल्या दुकानांतल्या ॲपमधून काढायला लावली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा नाजूक ठिकाणांच्या माहितीची विक्री या कंपनीला बंद करायला सांगितली, पण तोपर्यंत जानेवारी 2024 उजाडले होते.

ही केवळ मुसलमानांची गोष्ट आहे, असे वाचणाऱ्याने समजू नये. त्याच कंपनीला माहिती पुरवणाऱ्यांत पावले मोजणारे आणि वादळाचा माग दाखवणारे ॲपही होते. धंदा भक्तीचा नव्हता, पत्त्याचा होता. तरीही जिथे माणूस सर्वांत विश्वासाने परवानगी देतो, तिथेच ती घेतली गेली, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. त्यातल्या कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. म्हणजे यंदाचा रमजान मुदतीतच जाणार.

तोवर आपल्या हाती फोनची सेटिंग आहे. लोकेशनची परवानगी पूर्ण नाकारली तरी बहुतेक ॲपमध्ये गावाचे नाव हाताने लिहिता येते. ते जमत नसेल, तर गेल्या काही वर्षांतल्या फोनमध्ये नेमक्याऐवजी अंदाजे ठिकाण देण्याची सोय आहे, तीही फक्त ॲप उघडे असेपर्यंत. मी गाव लिहिले आहे. अजान अजून एकदाही चुकलेली नाही.

हे सगळे मी सहकाऱ्यांना त्या हातगाडीजवळच उभ्याने सांगितले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि आपले पंचांगाचे ॲप उघडले. ते संकष्टीचा चंद्रोदय त्यावर बघतात. त्याला ठिकाणाची परवानगी कायमची दिलेली होती, शिवाय फोनमधल्या सगळ्या नंबरांचीही.

“चंद्र उगवायला माझ्या सासऱ्यांचा नंबर कशाला लागतो हो?” असे म्हणत त्यांनी दोन्ही बंद केल्या. मग आम्ही अम्मीच्या मैत्रिणीसाठी फोमची जानमाज घेतली. भाव त्यांनीच केला, मला ते कधी जमलेले नाही.