विश्लेषण : सव्वातीन फुटांचा चालतो, पाच फुटांचा नाही! अलास्कातील हॅलिबटचे नियम हौशी मासेमारांना का खुपतात?

अलास्काच्या आग्नेय भागातील सिट्का किंवा जुनो बंदरातून भाड्याच्या बोटीने गेलेल्या पर्यटकाच्या गळाला पाच फुटांचा हॅलिबट लागला, तर तो त्याला परत पाण्यात सोडावा लागतो. शेजारी स्वतःच्या बोटीत बसलेला माणूस मात्र तेवढाच मासा घरी नेऊ शकतो, वर त्याच दिवशी आणखी एकही. परवाना सारखाच आणि समुद्रही एकच. फरक इतकाच, की पहिल्याने बोटीबरोबर वाटाड्याचेही पैसे मोजलेले असतात.

हॅलिबट म्हणजे कोणता मासा?

आपल्याकडच्या लेपसारखाच चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला, पण आकाराने अवाढव्य. उत्तर पॅसिफिकमधील हॅलिबट दोनशे किलोंच्याही पुढे जाऊ शकतो. मादी नरापेक्षा बरीच मोठी होते, त्यामुळे खूप मोठा हॅलिबट म्हणजे जवळपास नेहमीच मादी. ती अंडी घालण्याजोगी व्हायला साधारण ११-१२ वर्षे लागतात. शिवाय १९८०च्या दशकाच्या तुलनेत आता त्याच वयाचा मासा आकाराने लहान भरतो.

कोटा ठरवते कोण?

अमेरिका आणि कॅनडा यांनी १९२३ मध्ये करार करून स्थापन केलेला आंतरराष्ट्रीय पॅसिफिक हॅलिबट आयोग. आयोगाचे मुख्यालय सिएटलला आहे. दरवर्षी हंगामाआधी समुद्रातून एकूण किती पौंड हॅलिबट काढायचा, हे आयोग ठरवतो. हा आकडा २०२४ मध्ये सुमारे ३ कोटी ५३ लाख पौंड होता, तो २०२५ साठी २ कोटी ९७ लाखांवर आणला गेला. म्हणजे एका वर्षात जवळपास १६ टक्के कपात.

अलास्कात या कोट्याचे पुढे वाटप होते. व्यावसायिक मच्छीमार आणि चार्टर बोटी, म्हणजे पर्यटकांना वाटाड्यासह नेणाऱ्या बोटी, यांचा हिस्सा २०१४ पासून टक्केवारीने बांधलेला आहे. आग्नेय अलास्कात एकत्रित मर्यादा कमी असते तेव्हा चार्टरच्या वाट्याला १८.३ टक्के येतात. त्याआधी चार्टर बोटींना केवळ एक मार्गदर्शक आकडा दिलेला असे आणि आग्नेय भागात तो २००४ पासून सलग काही वर्षे ओलांडला गेला. व्यावसायिकांची ओरड तेव्हापासूनची.

पौंडांचा कोटा फूटपट्टीत कसा उतरतो?

कोटा पौंडांत असतो, पण पर्यटक मासे मोजतो ते नगावर. त्यामुळे नियम करणाऱ्यांना तीन गोष्टी हलवता येतात : माणशी किती मासे, किती लांबीचे आणि आठवड्यातले कोणते दिवस बंद. यातली लांबी सर्वात परिणामकारक. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, ते आठपटीहूनही जास्त होते. म्हणून कमाल लांबी दोन-चार इंचांनी खाली आणली, तरी प्रत्येक माशामागचे सरासरी वजन चांगलेच घटते आणि तेवढ्याच कोट्यात जास्त पर्यटकांना मासा मिळतो.

आग्नेय अलास्कात चार्टर पर्यटकाला दिवसाला एकच हॅलिबट ठेवता येतो. २०१२ पासून त्यावर ‘उलटा पट्टा’ आला : मासा ४५ इंचांपर्यंतचा किंवा ६८ इंचांच्या वरचा हवा, मधला सोडून द्यायचा. २०१८ आणि २०१९ मध्ये ही मर्यादा ३८ आणि ८० इंचांवर गेली. करोनाकाळात पर्यटकच नव्हते, तेव्हा २०२१ मध्ये ती ५० आणि ७२ पर्यंत सैल झाली आणि क्रूझ परतल्यावर पुढच्याच वर्षी पुन्हा ४० आणि ८०. २०२४ पर्यंत हेच आकडे होते, सोबतीला आठवड्यातून एक दिवस बंदी.

मग ८० इंचांवरचा मासा का चालतो? कारण तो क्वचितच लागतो. कोट्यावर त्याचा भार नगण्य, पण तो लागेल या आशेवरच शेकडो डॉलरची सहल विकली जाते. पिलावळीचा विचार करून नियम केला असता तर मोठ्या माद्या आधी वाचवल्या असत्या. हा नियम मुख्यतः हिशेबाचा आहे.

होमर आणि सिवर्ड बंदरांकडच्या दक्षिण-मध्य अलास्कात गणित वेगळे. तिथे चार्टरवर दोन मासे मिळतात, पण त्यातला एक अलीकडच्या हंगामांत २८ इंचांपर्यंतचाच लागतो. बुधवारी मासेमारी बंद. लांबीची मर्यादा असलेल्या माशाचे तुकडे बोटीवरच केले, तर ते किनाऱ्यावर उतरेपर्यंत डोके ते शेपूट असा सांगाडा जपून ठेवावा लागतो. नाहीतर लांबी तपासणार कशी?

फटका कोणाला?

ज्याची स्वतःची बोट नाही त्याला. वाटाड्याशिवाय जाणाऱ्याला दिवसाला कोणत्याही लांबीचे दोन हॅलिबट ठेवता येतात. यावर पळवाट निघाली ती भाड्याच्या बोटीची. लॉज बोट देतो, जागा समजावून सांगतो, पण वाटाड्या सोबत येत नाही. कागदोपत्री पर्यटक ‘स्वतंत्र’ ठरतो आणि लांबीची अट गळून पडते.

पण वाटाड्याशिवाय धरलेले मासे एकूण कोट्यातून आधीच वजा होतात आणि उरलेल्यातून व्यावसायिक व चार्टर यांची वाटणी होते. म्हणजे पळवाटेने जितके पर्यटक जातील, तितका चार्टरचा वाटा आटणार आणि त्यांची फूटपट्टी आणखी आखूड होणार. नियम कडक झाला की आणखी पर्यटक पळवाटेकडे वळतात. शिवाय थंड, खोल पाण्यात सुरक्षितपणे नेणारा अनुभवी कप्तान ज्याला खरोखर हवा, त्या वयस्कर किंवा नवख्या माणसालाच कमी मासा मिळतो. हौशी मासेमारांची ही तक्रार रास्त आहे.

व्यावसायिकांची बाजूही पोकळ नाही. त्यांच्यासाठी ३२ इंचांची किमान मर्यादा आहे आणि १९९५ पासून प्रत्येकाचा कोटा ठरलेला. अनेकांनी तो कर्ज काढून विकत घेतला आहे. चार्टरला फुकटात वाढवून द्यायचे, तर ते यांच्याच ताटातून जाणार.

शेजारच्या कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात, ८५ टक्के व्यावसायिकांना आणि १५ टक्के हौशींना अशी वाटणी आहे. कॅलिफोर्नियात कोटा इतका लहान, की तो भरला की हंगाम मध्येच थांबतो.

महाराष्ट्रात नियम उलटा का?

राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. इथे हेतू सरळ आहे : पापलेट, सुरमईचे पिल्लू एकदा तरी अंडी घालू दे. मात्र आपल्याकडे किती टन धरायचे यावर अलास्कासारखी वार्षिक मर्यादा नाही, त्यामुळे मोठ्या माशावर फूटपट्टी लावण्याची वेळच येत नाही.

तोडगा काय?

एक वाट आधीच खुली आहे. चार्टर चालक व्यावसायिकाकडून कोटा भाड्याने घेऊ शकतो आणि तो वापरून त्याच्या पर्यटकाला मोठा मासा ठेवता येतो. अर्थात त्याचे वेगळे पैसे मोजून. दुसरी योजना मोठी आहे : चार्टर पर्यटकांकडून शुल्क घ्यायचे आणि त्या पैशातून एका सामायिक संस्थेने इच्छुक व्यावसायिकांचा कोटा कायमचा विकत घ्यायचा. आग्नेय भागात १० टक्के आणि दक्षिण-मध्य भागात १२ टक्के ही खरेदीची कमाल मर्यादा. अमेरिकी काँग्रेसने अशा शुल्काला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. शुल्क मात्र चार्टरच्या पर्यटकावरच आहे. लॉजची बोट घेऊन वाटाड्याशिवाय जाणारा त्यातूनही सुटतो.