न मारणारा हिरो

गेले काही महिने आमच्याकडे शनिवार दुपारचा कार्यक्रम ठरलेला आहे. दादाचा मुलगा येतो, थालीपीठ-लोणी संपवतो आणि मग आम्ही आत्या-भाचे 'अल्ट्रामॅन कॉसमॉस' बघत बसतो. मालिका जपानी, खाली इंग्रजी सबटायटल्स. ती वाचून भराभर मराठीत सांगायचं काम माझं. भाचा आठ वर्षांचा आहे, त्यामुळे काही चुकवलं तर लगेच पकडतो.

पहिल्याच भागाला त्याने विचारलं, "आत्या, हा मारत का नाहीये?"

प्रश्न अगदी रास्त होता. ज्यांना अल्ट्रामॅन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ मालिका जुलै १९६६ मध्ये जपानी टीव्हीवर सुरू झाली. तिचे ३९ भाग झाले. शहरात एखादा अजस्र प्राणी शिरतो (जपानीत त्याला कायजू म्हणतात), मग अवकाशातून आलेला चंदेरी-लाल महाकाय वीर त्याच्याशी कुस्ती खेळतो, शेवटी दोन्ही हातांची फुली करून किरण सोडतो, आणि धुडूम! प्राणी खलास, मुलं खूश.

तरी तेव्हाही लिहिणाऱ्यांच्या मनात कुठेतरी काहीतरी टोचत असणार. कारण त्याच मालिकेच्या २३ व्या भागात जामिला येतो. तो खरा माणूसच. अवकाशात गेला, अपघात झाला, त्याच्या लोकांनी त्याला वाऱ्यावर सोडलं, आणि पाणी नसलेल्या ग्रहावर जगता जगता त्याचा राक्षस झाला. सूड घ्यायला तो पृथ्वीवर परततो आणि अल्ट्रामॅन त्याला पाण्याने मारतो. मेल्यावर त्याचं स्मारक उभारतात, त्यावर गौरवाचे शब्द कोरतात. ते बघून पथकातला एकजण चिडून बोलतो, त्याचा आशय असा की माणसं फक्त बोलायलाच गोड असतात. सहा-सात वर्षांच्या पोरांच्या मालिकेत हे!

तर, 'कॉसमॉस' आली ७ जुलै २००१ ला. ६५ भाग. तिचा नायक हारुनो मुसाशी हा तरुण 'आइज' नावाच्या पथकात काम करतो. या पथकाचं काम कायजूंना मारणं नसून त्यांना शांत करून एका बेटसमूहावर सुरक्षित नेऊन सोडणं हे आहे. आणि अल्ट्रामॅन? तो येतो तो निळ्या रंगात, 'लुना' म्हणजे चंद्राच्या रूपात. त्याचं मुख्य अस्त्र म्हणजे एक मऊ प्रकाश, जो अंगावर पडला की चवताळलेला प्राणी निवतो. फारच अंगाशी आलं तर तो लाल, 'कोरोना' म्हणजे सूर्याच्या रूपात जातो आणि मग मात्र जोरात लढतो. पण आधी निळा. आधी समजूत.

मला हे इतकं आवडलं की मी घरात प्रवचनंच सुरू केली. आणि तिथेच फसले.

झालं असं, की त्यांच्या सोसायटीत एक मोठा मुलगा रोज भाच्याची बॅट हिसकावून घ्यायचा, वर ढकलून द्यायचा. दादाचं म्हणणं, "दे ना एक ठेवून, परत वाटेला जायचा नाही." मी लगेच मध्ये, "अरे, कॉसमॉस काय करतो आठव! आधी समजावायचं." पोरगं माझं ऐकून खाली गेलं. पंधरा मिनिटांत वर आलं ते कोपर सोलवटून. डेटॉल लावताना ते अगदी शांतपणे म्हणालं, "आत्या, त्याच्या अंगात व्हायरस नव्हता गं. तो मुद्दामच करतो."

दादा काही बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

व्हायरस म्हणजे काय ते सांगते. मालिकेत 'केऑस हेडर' नावाचा प्रकाशरूपी विषाणूसारखा काहीतरी प्रकार आहे. तो कायजूंच्या अंगात शिरतो आणि त्यांना हिंस्र करतो. पहिल्या भागातला लिडोरिआस हा पक्ष्यासारखा कायजू मुळात गरीब आहे, तो बिथरतो या विषाणूमुळे. कॉसमॉस विषाणू बाहेर काढतो आणि प्राणी परत गरीब होतो. छान आहे. पण भाच्याने नेमकी यातली पळवाट पकडली. शत्रू मुळात चांगलाच असेल आणि वाईटपणा बाहेरून चिकटलेला असेल, तर अहिंसा फारच स्वस्तात मिळते. खरा प्रश्न येतो तो समोरच्याने जाणूनबुजून, पूर्ण शुद्धीत राहून मारलं तर काय, हा.

माझं मत असं, की लहान मुलांसमोर न मारणारा हिरो आणायचा असेल तर ही पळवाट बंद करूनच आणावा. नाहीतर आपण पोरांना हत्यार न देता खाली पाठवतो आणि वर त्याला संस्कार म्हणतो. मी नेमकं तेच केलं होतं.

ही पळवाट बंद करणारी एक मालिका त्याच सुमाराला जपानमध्ये आली. फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झालेली 'कामेन रायडर र्‍युकी'. त्यात तेरा रायडर. एकमेकांशी लढायचं आणि शेवटी जो उरेल त्याची एक इच्छा पूर्ण होणार. नायक किदो शिंजी हा एक भाबडा बातमीदार. तो म्हणतो, ही मारामारीच थांबवायची. पण समोर कुणाच्याही अंगात विषाणू नाही! एकाची प्रेयसी बेशुद्धावस्थेत पडून आहे, तिच्यासाठी तो लढतोय. एक वकील असाध्य आजाराने मरणार आहे, त्याला जगायचंय. त्यांना 'लढू नका' म्हणजे 'तिला मरू दे', 'तू मर' असंच म्हणणं झालं. शिंजीला हे कळतं आणि तो कितीदा तरी डळमळतो. पन्नास भागांच्या मालिकेत ४९ व्या भागात तो एका लहान मुलीला वाचवताना मरतो. आपण बरोबर होतो की नाही याचं उत्तर त्याला मिळत नाही. लढाई थांबावी एवढीच आपली इच्छा आहे, हे मात्र त्याला मरता मरता पक्कं कळलेलं असतं.

हे आठ वर्षांच्या पोराला दाखवायची माझी अजून हिंमत नाही. पण अहिंसेची किंमत इतक्या प्रामाणिकपणे सांगणारं मुलांचं काही मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग 'कॉसमॉस' खोटी का? तेही नाही. मी (भाच्याला न सांगता, शूः!) शेवटचे भाग पुढे जाऊन बघितले. तिथे प्रश्न खुद्द केऑस हेडरचाच येतो. आता दोष ढकलायला आणखी कुणी शिल्लक नाही. ताकदीने ते हरत नाही. आणि मुसाशी ठरवतो की यालाही नष्ट करायचं नाही. शेवटी कॉसमॉस लाल रूपात न जाता निळ्या रूपात त्याच्यासमोर उभा राहतो. म्हणजे लिहिणाऱ्यांना स्वतःची पळवाट दिसत होती आणि ती त्यांनी बंद केली. फक्त त्याला ६५ भाग लागले. मी भाच्याला तिसऱ्याच आठवड्यात खाली पाठवलं होतं.

आणखी एक गोष्ट मी सांगायची विसरले होते. निळा कॉसमॉस नुसता हात जोडून उभा राहत नाही. तो कायजूला धरतो, अडवतो, त्याचा वार चुकवतो, शहरापासून लांब ढकलत नेतो. आणि तो एकटा नसतो, बरोबर अख्खं पथक असतं. न मारणं आणि मार खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्याला पहिली शिकवतेय असं समजत होते आणि दुसरी करायला लावली.

पुढच्या शनिवारी मी त्याला सॉरी म्हटलं. मग तो, मी आणि दादा असे तिघं खाली गेलो. दादाने हात उगारला नाही आणि मी प्रवचन दिलं नाही, दोघांनाही सारखंच जड गेलं असणार! त्या मुलाच्या हातातून बॅट काढून घेतली आणि 'हे चालणार नाही' असं सरळ सांगितलं. त्याच्या आईलाही भेटलो. बॅट आता जात नाही. मैत्रीबित्री काही झालेली नाही, उगाच गोड शेवट करत नाही.

वर येताना भाचा म्हणाला, "म्हणजे आपण 'आइज' होतो ना?"

मी हो म्हटलं. दादाला काहीच कळलं नाही. त्याला आता पहिल्या भागापासून बसवायला हवं.